रुमालाखालचा पगार

संध्याकाळी आमच्या दारात अनोळखी चपला दिसल्या की आमची गृहलक्ष्मी स्वयंपाकघरातूनच आवाज देते, "या हो, तुमचं गिऱ्हाईक आलं!" गिऱ्हाईक म्हणजे कोणाचा तरी मुलगा. केस पाणी लावून बसवलेले, काखेत फाईल आणि चेहऱ्यावर उद्याच्या इंटरव्ह्यूची भीती. मी नोकऱ्या लावून देतो, असं गल्लीत कोणीतरी पसरवून ठेवलं आहे. मी कोणालाही नोकरी लावून देत नाही. मी फक्त बोलतो. पण असा बोलतो की पोरगा जाताना हसत जातो, आणि हसत आत आलेल्या माणसाला साहेब निदान बसायला तरी सांगतो.

पोरांना माझ्याकडून हवी असतात इंग्रजी वाक्यं. मी वाक्यं देत नाही. दोन-चार कामाच्या गोष्टी सांगतो. आदल्या दिवशी जाऊन जागा पाहून ये. अर्जात काय लिहिलं होतंस ते निघण्यापूर्वी वाच, कारण साहेबानं ते आत्ता वाचलेलं असतं आणि तू कधीच विसरलेला असतोस. नवे बूट घालू नकोस. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण, त्याला शेपूट लावू नकोस. एवढं झालं की मी खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "आता पगाराचं."

पोरगा लाजतो. आमच्याकडचा पोरगा मारामारीला लाजत नाही, पण 'किती पगार घेशील?' म्हटलं की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागतो. मग मला माझी स्वतःची गोष्ट सांगावीच लागते. खरं म्हणजे मी त्याच्या लाजण्याचीच वाट पाहत असतो.

माझे वडील काटोलच्या फळबाजारात अडत्या होते. शेतकऱ्यानं संत्री आणायची, बाहेरगावच्या व्यापाऱ्यानं घ्यायची, आणि दोघांच्या मधे उभं राहून वडिलांनी भाव जमवायचा. आता बाजार म्हटला की आरडाओरडा आलाच असं तुम्हाला वाटेल. चहावरून ओरडा, बैलगाडी लावण्यावरून ओरडा, सगळ्यावरून ओरडा. फक्त भाव ठरताना चिडीचूप. वडील खांद्यावरचा दुपट्टा समोरच्याच्या हातावर टाकायचे, दुपट्ट्याखाली हातात हात जायचा, आणि बोटं बोलायला लागायची. एवढी बोटं दाबली म्हणजे एवढा भाव. पटलं नाही तर बोट सोडवून घ्यायचं. वर तोंडानं मात्र भलतंच चाललेलं असायचं. "पोरीचं लग्न जमलं का?" "यंदा थंडी बरी आहे." खाली घनघोर लढाई आणि वर सोयरिकीच्या गप्पा! आणि नियम एकच. आकडा तोंडातून बाहेर पडला तर सौदा मोडला. भाव मोठ्यानं बोलणं म्हणजे चारचौघांत धोतर सोडणं.

अशा मुक्या धंद्यात देवानं मला जन्माला घातलं. मी, ज्याला झोपेतही बोलल्याशिवाय राहवत नाही!

एकदा दिल्लीकडचा एक व्यापारी वडिलांची वाट पाहत गादीवर बसला होता. त्याला कंटाळा येऊ नये म्हणून मी मोठ्या प्रेमानं त्याला आमच्या घराबद्दल सांगत बसलो. त्यात हेही सांगून टाकलं, की आमच्या बाबांना भाव पसंत पडला की त्यांचा उजवा डोळा फडफडतो. आई तर घरी त्याच डोळ्याकडे पाहून ठरवते की नवी साडी आज मागायची की उद्या. त्या दिवसापासून तो व्यापारी बोटांकडे लक्षच देईना. दुपट्ट्याखाली हात घालून तो थेट वडिलांच्या उजव्या डोळ्यात पाहत बसे. ही बातमी बाजारात पसरली, आणि तो सगळा हंगाम माझ्या वडिलांनी काळा चष्मा लावून धंदा केला. लोक विचारत, "डोळे आले का गा?" वडील म्हणत, "डोळे नाई आले. पोट्टं झालं."

तेव्हा मी बी.एस्सी. होऊन घरी बसलेलो. वडिलांनी मला समोर बसवलं आणि स्वच्छ सांगितलं, "तू बाजारात उभा राहिला की माल सस्ता होते. जा, नागपूरले मामाकडे जाऊन नोकरी पाह्य. मृगबहाराची संत्री यायच्या आत लागली तर ठीक. नाई लागली, तर गुमान वापस ये आन् पेट्या भर. पेट्या भरता भरता कितीही बोलला तरी कोनाचं नुकसान नाई."

पेट्या भरणं म्हणजे काय, ते सांगतो. लाकडी पेटीत खाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरायची, तिच्यावर संत्री मांडायची, परत तणस, परत संत्री. दिवसभर. ऐकायला कोण, तर संत्री. मला कष्टांचं भय नव्हतं. मला भय होतं ते माझं बोलणं आयुष्यभर तणसाखाली जाण्याचं.

म्हणून वर्तमानपत्रात जेव्हा मी एका औषधकंपनीची जाहिरात वाचली, तेव्हा मामांच्या धरमपेठेतल्या घरात मी अक्षरशः नाचलो. कंपनीला प्रतिनिधी हवे होते. काम काय? बॅग घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि बोलायचं. बोलण्याचा पगार! जगात असं काही असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मामा सरकारी कचेरीत होते. ते म्हणाले, "खाजगी नोकरी म्हणजे वाऱ्यावरची वरात." मामी म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा. मी तयारी करून घेते."

मामींना नाटकाचा नाद होता, आणि धरमपेठेतल्या बायकांच्या हळदीकुंकवात त्यांनी एकपात्री प्रयोग केला नाही असं वर्ष गेलं नसेल. त्यांनी मामांचा कोट साडीवर चढवला, मामांचा चष्मा नाकावर ठेवला, आणि दिवाणावर अशा बसल्या की मला खरंच घाम फुटला.

"मे आय कम इन, सर?" मी दारातून म्हणालो.

"नो!" मामी गरजल्या. "परत जा. तुझं 'सर' रडकं येऊन राहिलं."

परत गेलो. परत आलो. मामींनी प्रश्नांची फैर झाडली. "तुलाच काहून घ्यावं आम्ही? बाहेर रांग लागली आहे रांग! वडिलांचा धंदा सोडून इकडे कशाला आलास? डॉक्टरनं हाकललं तर काय करशील?" मी उत्तरं देत गेलो, मामी सुधारत गेल्या. शेजारच्या बायका खिडकीतून पाहत होत्या. सगळं छान जमलं, तेव्हा मी विचारलं, "मामी, पगार किती घेशील असं विचारलं तर?"

मामींचा एक हात कोटातून बाहेर निघाला होता, तो तसाच राहिला. "इश्श! असं कोणी तोंडावर विचारतं का? इतकी वर्षं संसार झाला, तुझ्या मामांचा पगार मला अजून नक्की माहीत नाही. मान खाली घालायची आणि म्हणायचं, 'आपल्याला योग्य वाटेल तो.' बस!"

मामा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "मलाही नक्की माहीत नाही. कापून किती येतो तेवढाच माहीत आहे."

तर अशा तयारीनं मी सीताबर्डीवरच्या एका हॉटेलात इंटरव्ह्यूला गेलो. साहेबलोक वरच्या खोलीत होते आणि आम्ही उमेदवार जिन्यावर, प्रत्येक पायरीवर दोन-दोन. जाहिरातीत लिहिलं होतं की नीटनेटका पोशाख हवा, आणि आमच्यात टाय एकाकडेच होता. तो गाठ मारलेलाच होता. आत जाणाऱ्यानं तो डोक्यातून घालायचा आणि बाहेर आल्यावर पुढच्याला द्यायचा, असं जिन्यावर ठरलं. बेकारांमध्ये एवढी एकी मी पुढे कोणत्याच युनियनमध्ये पाहिली नाही.

माझी पाळी आली. आत दोन साहेब. एक मुंबईहून आलेले मोठे साहेब. सडपातळ, कोरे करकरीत, पेन्सिलीसारखे. दुसरे अकोल्याकडचे, विदर्भाचं काम पाहणारे. ऐसपैस, अर्ध्या मिटल्या डोळ्यांचे, शांतपणे संत्रं सोलत बसलेले.

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्या टायला मी सकाळपासून ओळखतो. तुमची ओळख करून द्या."

आणि मी सुटलो! मामींची सगळी वाक्यं विसरलो. वडिलांचा धंदा का सोडला, असं विचारल्यावर मी काळ्या चष्म्याची सगळी कथा साभिनय सांगितली. उजवा डोळा फडफडवून दाखवला. अकोल्याचे साहेब संत्र्याची फोड तोंडात धरून हसले, त्यांना ठसका लागला. मोठे साहेबसुद्धा हसले. पेन्सिलीला टोक केल्यासारखे, बारीक, पण हसले. नोकरी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मला तिचा वास येत होता.

"ठीक आहे," मोठे साहेब म्हणाले. "पगाराची अपेक्षा काय?"

तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडाचं दुकान बंद झालं. मामींचं 'योग्य वाटेल तो' सुद्धा आठवेना. लहानपणापासून ज्या बाजारात वाढलो तो बाजार माझ्या अंगात जागा झाला. भावाचा प्रश्न आला आहे, समोर गिऱ्हाईक आहे, खोलीत तिसरा माणूस आहे. माझा हात आपोआप खिशात गेला. मामींनी इस्त्री करून दिलेला रुमाल निघाला. मी तो उजव्या हातावर पसरला आणि हात टेबलावरून मोठ्या साहेबांच्या पुढे केला.

मोठे साहेब खुर्चीत मागे सरकले. "हे काय? जादूचे प्रयोग करता का?"

मी तसाच. हात पुढे, रुमाल वर. मागे घ्यावा हे कळत होतं, पण हात ऐकेना.

तेव्हा अकोल्याच्या साहेबांनी संत्र्याची साल बाजूला ठेवली. बोटं पँटला पुसली. आणि डोळे तसेच अर्धे मिटलेले ठेवून, सावकाश, माझ्या रुमालाखाली हात घातला.

"काटोलकडे थंडी कशी आहे गा?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे, साहेब," मी म्हणालो, आणि बोटं दाबली.

त्यांनी माझं एक बोट सोडून दिलं. "संत्र्याले बरी असन."

"संत्र्याला बरी, माणसाला जड," मी म्हणालो, आणि ते बोट परत त्यांच्या मुठीत दिलं.

"अकोल्यालेही जडच आहे." अर्धं बोट.

असं काही वेळ चाललं. मोठे साहेब एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहत, एकदा माझ्या, एकदा रुमालाकडे. शेवटी अकोल्याच्या साहेबांनी माझा सगळा पंजा एकदा घट्ट दाबला. सौदा झाला. रुमालावर संत्र्याचे पिवळे डाग पडले होते.

"किती ठरला?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सर, सांगता येत नाही," अकोल्याचे साहेब नम्रपणे म्हणाले. "बोललो तर मोडते."

"अहो, पण पगार मी द्यायचा आहे!"

"तेही खरं आहे," अकोल्याचे साहेब म्हणाले, आणि त्यांनी राहिलेली फोड तोंडात टाकली.

आता मोठे साहेब माझ्याकडे वळले. हसणं संपलं होतं. "तुम्ही सांगा. तोंडानं."

मी तोंड उघडलं. आकडा जिभेवर आला. पण ओठांशी येऊन असा अडला, की माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी परत प्रयत्न केला. नाही. ज्या तोंडानं घरादाराचा भाव फोडला, ते तोंड स्वतःचा भाव सांगेना!

मोठ्या साहेबांनी माझा अर्ज बंद केला. "हे बघा. तुम्ही गोड बोलता. पण जो स्वतःची किंमत सांगू शकत नाही, तो डॉक्टरला माझ्या औषधाची किंमत कशी सांगणार? डॉक्टर काय रुमालाखाली हात घालणार आहे? तुम्ही जाऊ शकता."

हे वाक्य मी गिऱ्हाइकांना नेहमी थांबून, दोनदा ऐकवतो. कारण मोठे साहेब बरोबर होते. मला त्यांचा राग आला नाही. मला दिसली ती तणस.

मी दारापर्यंत पोचलो असेन. मागून अकोल्याच्या साहेबांचा आवाज आला. "सर, उद्या दुपारी तुमची गाडी आहे. सकाळी मी धंतोलीत जाऊनच राहिलो. याले सोबत नेतो. किंमत सांगता आली तर पाहू. नाई तर जाईन हा आपल्या काटोलले."

मोठे साहेब म्हणाले, "न्या." एवढंच. अकोल्याच्या साहेबांनी औषधाचं माहितीपत्रक माझ्या हातात कोंबलं.

त्या काळातही धंतोलीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखानेच दवाखाने होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो, तेव्हा अकोल्याचे साहेब एका लहान मुलांच्या डॉक्टरांच्या फाटकाशी उभे होते. "हे डॉक्टर सगळ्यात खवीस," त्यांनी आनंदानं सांगितलं. "'बोला' म्हणतीन आन् दुसरीकडे पाहतीन. तू आपल्या पोरांच्या खोकल्याच्या औषधाचं सांग, किंमत सांग, नमस्कार कर, बाहेर ये. जास्त शहाणपणा करू नको."

आमची पाळी चार-पाच पेशंट आटोपल्यावर. बाकांवर वर्ध्याकडच्या, यवतमाळकडच्या बाया पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी डबे, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. आता मी बाकावर बसून गप्प राहीन, असं तुम्हाला वाटतं का? शेजारच्या बाईला मी विचारलं, "काय वं बाई, काय झालं पोराला?"

"खोकला. मागच्या बारीनंही आलतो. बाटली देल्ती."

"मग? बरा नाही झाला?"

तिनं डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज एकदम बारीक केला. "पोट्टं पेतच नाई ना ते. कडू जहर! तोंडात टाकलं की फुर्रकन थुकते. अर्धी बाटली माह्या लुगड्यानंच पेली."

"मग डॉक्टरांना सांगा की!"

"काय सांगता! मागं एकीनं सांगतलं, तर असे वरडले तिच्यावर! आपण म्हणाव देलं. बरोबर देलं."

पलीकडची बाई म्हणाली, "माहंही थुकते." तिच्या पलीकडचीही मान हलली. सगळा बाक एका सुरात थुंकत होता, आणि आत डॉक्टरांना याचा पत्ता नव्हता. मी सहज विचारलं, "बाटली कोणती?" त्या बाईनं पिशवीतून काढून दाखवली.

बाटली आमच्याच कंपनीची होती. जे औषध मला आत जाऊन वाखाणायचं होतं, तेच!

अकोल्याचे साहेब त्या वेळी दुसऱ्या कोपऱ्यात डुलकी घेत होते. तेवढ्यात आतून बोलावणं आलं, आणि आम्ही दोघं आत गेलो.

डॉक्टर खुर्चीत ताठ बसले होते. "बोला," म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहायला लागले.

रात्रभर पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं. पण बाहेरचा बाक त्यापेक्षा जवळ होता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, बाहेरच्या बाया तुम्हाला भितात. पोरं औषध थुंकतात, आणि त्या तुम्हाला सांगतात की बरोबर दिलं."

शेजारी अकोल्याच्या साहेबांचे डोळे पूर्ण उघडले. ते इतके मोठे आहेत हे मला प्रथमच कळलं.

डॉक्टरांनी खिडकीवरून नजर काढली आणि माझ्यावर ठेवली. मला पुढे पुष्कळ बोलावंसं वाटत होतं. माफी मागावी, हसावं, हवापाण्यावर यावं. पण बोट दाबून झाल्यावर आपण हलायचं नसतं, एवढं मी बाजारात पाहिलेलं होतं. जो आधी चुळबुळ करतो त्याचा भाव उतरतो. मी गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा, आपणहून.

"कोणतं औषध?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमचंच," मी म्हणालो.

अकोल्याच्या साहेबांच्या हातातली बॅग खाली पडली.

डॉक्टरांनी बाकावरच्या त्या बाईला आत बोलावलं. ती दारातच थबकली. "बाई, रागवत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना ते जड जात होतं हे दिसत होतं. "पोरगं थुंकतं का?" बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुगली करून तिला फाशी दिली आहे. मग हळूच म्हणाली, "थुकते." डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवून, ते कसं पाजायचं हे पोराला मांडीवर घेऊन दाखवलं. पोरानं त्यांच्या सदऱ्यावर थुंकून खात्री करून दिली. दुसऱ्या खेपेला गिळलं.

सदरा पुसता पुसता डॉक्टरांनी मला विचारलं, "किंमत काय याची?"

आणि काय सांगू तुम्हाला! किंमत तोंडातून निघाली. मोठ्यानं, खणखणीत, रुपये आणि पैशांसकट. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेली असेल.

"इतकी?" डॉक्टर म्हणाले. "मग थुंकणं परवडायचं नाही कोणाला. पुढच्या महिन्यात या. आणि येताना तुमच्या कंपनीला म्हणावं, जरा गोड करा."

रस्त्यावर आल्यावर अकोल्याचे साहेब थेट चहाच्या टपरीकडे गेले. दोन चहा सांगितले, स्वतःचा संपवला, आणि मग चुकून माझाही संपवला. "बे," ते शेवटी म्हणाले, "आपलं औषध थुकते, असं डॉक्टरच्या तोंडावर सांगणारा माणूस म्या पाह्यला नाई. तुले ठेवाव का तुह्यावर पोलीस ठेवाव, समजून नाई राहिलं."

हॉटेलात मोठे साहेब बॅग भरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थुंकण्याचा भाग त्यांनी दोनदा ऐकला आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, "किंमत सांगितली?"

"सांगतली, सर. अर्ध्या धंतोलीनं ऐकली," अकोल्याचे साहेब म्हणाले.

"मग आता स्वतःची सांगा."

मी मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि आकडा सांगितला. किती ते तुम्हाला सांगत नाही; तुम्ही त्या खोलीत नव्हता. एवढंच सांगतो, की आदल्या दिवशी ठरला होता त्यापेक्षा तो थोडा, अगदी थोडा, बोटाच्या पेराएवढा मोठा होता.

अकोल्याचे साहेब खोकले.

"काल हाच ठरला होता ना?" मोठ्या साहेबांनी त्यांना विचारलं.

अकोल्याच्या साहेबांनी छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. त्यांच्या घरातही बाजार मुरलेला होता. खरा आकडा सांगावा तर काल पाळलेला नियम मोडतो, न सांगावा तर हा चोर सुटतो. "सर," ते म्हणाले, "पोट्टा बोलला ते बोलला."

"मंजूर," मोठे साहेब म्हणाले, आणि त्यांनी बॅगेचं कुलूप लावलं.

जिन्यावर अकोल्याच्या साहेबांनी माझी मानगूट पकडली. "चोट्ट्या! वरचे कायचे घेतले बे?"

"थुंकलेल्या बाटलीचे, साहेब," मी म्हणालो. त्यांनी मला खालच्या पायरीपर्यंत तसंच आणलं आणि मग हसत हसत सोडून दिलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्या हाताखाली राहिलो, आणि दर वर्षी पगारवाढ मागायला गेलो की ते आधी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगत.

नोकरीचं पत्र खिशात ठेवून मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं काटोलला गेलो. बाजार भरात होता. वडील दोन पेट्यांच्या मधे बसून कोणाशी तरी वाद घालत होते. मला पाहून म्हणाले, "आला? पेट्या तिकडे आहेत."

"लागली," मी म्हणालो.

"काय लागली?"

"नोकरी. औषधकंपनीत. डॉक्टरांशी बोलायची."

"बोलाची?" वडील म्हणाले. "बोलाचे पैसे देतात?" त्यांनी बसायला पेटी उलटी करून दिली. मी बसलो आणि सुरुवात केली. जिन्यावरच्या टायपासून. त्यांनी मधे एकदाही 'गप' म्हटलं नाही. बाईच्या लुगड्यानं औषध प्यायलं तिथे त्यांचं पोट हलायला लागलं. डॉक्टरांच्या सदऱ्यावर पोर थुंकलं तेव्हा ते वाद घालणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून हसत होते, आणि तो माणूसही वाद विसरून हसत होता. मी सगळं सांगून संपवलं.

वडील उठले. त्यांनी पलीकडच्या अडत्यांना हाक मारली. "ओ भौ! इकडे या गा जरासे. ते राहू द्या, माल कुठं पळून नाई जात. आमच्या पोट्ट्यानं नागपुरात डॉक्टरले काय म्हटलं, ते आयका."

माणसं गोळा झाली. कोणी पेटीवर बसलं, कोणी उभं राहिलं. वडिलांनी पोऱ्याला चहा सांगितला, माझ्यासमोर मांडी ठोकली आणि म्हणाले, "हं. सांग यायले. पहिल्यापासून सांग. घाई करू नको."